वर्षाला पावणेदोन लाख: एवढ्या पैशात आरोग्य केंद्राचा दर्जा कसा सुधारतो? गावकऱ्यांसाठी संपूर्ण माहिती

बाजाराचा दिवस. प्राथमिक आरोग्य केंद्रासमोर सकाळी नऊपासून रांग. आत बी.पी.चं यंत्र एकच, त्याचाही सेल उतरलेला. हात धुवायच्या बेसिनला पाणी नाही. गोळ्या पाच दिवसांच्याच मिळतात, त्यामुळे पुढच्या आठवड्यात पुन्हा मजुरी बुडवून यायचं. विचारलं की उत्तर ठरलेलं, "निधी नाही."

निधी कमी आहे हे खरंच आहे. पण या तीन अडचणींपैकी एकीलाही लाखो रुपये लागत नाहीत. सेल, नळाची दुरुस्ती आणि गोळ्यांचं नियोजन एवढ्यात त्या सुटू शकतात. थोड्या पैशात दवाखान्याचा दर्जा सुधारल्याची उदाहरणं महाराष्ट्रातच आहेत. त्यासाठी गावाला तीन गोष्टी माहीत हव्यात: पैसा कोणता येतो, तो आधी कशावर खर्च व्हायला हवा आणि हिशेब कुठे विचारायचा.

आरोग्य केंद्राकडे कोणता पैसा येतो?

नियमाप्रमाणे सपाट भागात साधारण 30 हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असतं. आदिवासी आणि डोंगरी भागात ते 20 हजारांमागे असतं. उपकेंद्रासाठी हाच आकडा अनुक्रमे 5 हजार आणि 3 हजार आहे.

पगार, इमारत आणि नेहमीची औषधं यांचा खर्च वेगळ्या मार्गाने होतो. त्याशिवाय किरकोळ गरजा भागवायला थोडी रक्कम केंद्राच्या हातात असावी, म्हणून 2005 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात काही निधी ठरवून देण्यात आले. त्याचे मूळ निकष असे:

- प्राथमिक आरोग्य केंद्र, अबंधित निधी: वर्षाला 25 हजार रुपये
- प्राथमिक आरोग्य केंद्र, देखभाल-दुरुस्ती: 50 हजार रुपये
- रुग्ण कल्याण समिती: 1 लाख रुपये
- उपकेंद्र: अबंधित 10 हजार, देखभालीचे 10 हजार
- गावाची आरोग्य, पोषण व स्वच्छता समिती: 10 हजार रुपयांपर्यंत

'अबंधित' म्हणजे अमुकच गोष्टीवर खर्च करा असं बंधन नसलेला निधी. स्थानिक गरज पाहून तो वापरता येतो. पुढे या रकमा आणि त्या मिळण्याची पद्धत वेळोवेळी बदलत गेली. त्यामुळे आपल्या केंद्राला यंदा प्रत्यक्ष किती आले, हे समितीच्या पासबुकात आणि कॅशबुकात पाहणंच योग्य.

मूळ निकषाची बेरीज होते 1 लाख 75 हजार. 30 हजार लोकांत वाटली तर माणशी वर्षाला सहा रुपयेसुद्धा येत नाहीत. महिन्याला हातात साधारण साडेचौदा हजार. एवढ्यात नवी खोली उभी राहत नाही. पण पाण्याची मोटर दुरुस्त होते, वजनकाटे येतात, इन्व्हर्टरची बॅटरी बदलता येते. म्हणूनच कोणता खर्च आधी करायचा हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

मोठी इमारत नव्हती, तरी जीव वाचले

*गडचिरोलीची बाळं:* डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1990 च्या दशकात गडचिरोलीतल्या 39 गावांत नवजात बाळांची घरी जाऊन काळजी घेण्याचा प्रयोग केला. गावातल्याच थोडंफार शिकलेल्या बायांना प्रशिक्षण दिलं. बाळाचं वजन करणं, ताप पाहणं, श्वास मोजणं, बाळाला ऊबदार ठेवणं आणि जंतुसंसर्गाची लक्षणं ओळखून औषध सुरू करणं, हे सगळं त्या शिकल्या. तिसऱ्या वर्षापर्यंत या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा 62 टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष 1999 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले.

पुढे 2011 मध्ये केंद्र सरकारने याच धर्तीवर आशांमार्फत घरभेटींची योजना देशभर आणली. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर आशा 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी घरी येते. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीची एक भेट जास्त. तिच्या पिशवीत वजनकाटा, थर्मामीटर आणि घड्याळ असतं. यातला काटा बिघडलेला असला, तर भेट होते पण तपासणी होत नाही. शंभर-दोनशे रुपयांची दुरुस्ती राहिली म्हणून कमी वजनाचं बाळ वेळेत लक्षात न येणं, हा धोका इथे आहे.

*महाडचे विंचूदंश:* कोकणात तांबड्या विंचवाच्या दंशाने माणसं, विशेषतः लहान मुलं दगावत. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात 1976 मध्ये रुजू झालेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांच्या बारीक नोंदी ठेवल्या. विषाचा परिणाम हृदयावर कसा होतो हे त्यांनी पाहिलं आणि पुढे प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी उपचारात वापरली. गंभीर रुग्णांतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून 1 टक्क्याच्या आसपास आलं. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी डॉक्टरांच्या देखरेखीतच द्यायची असते. पण ती केंद्रात शिल्लक आहे का, आणि रात्री ड्युटीवर असणाऱ्याला ती कधी द्यायची हे माहीत आहे का, यावर सगळं अवलंबून आहे.

*बी.पी.च्या गोळ्या:* उच्च रक्तदाबावर नियंत्रण आणण्यासाठी 2017 पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत एक राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला. त्यात नवं मशीन नव्हतं. सगळ्यांना एकच ठरलेली उपचारपद्धती, मोजक्या स्वस्त गोळ्या, एका वेळी 30 दिवसांचा पुरवठा, घराजवळच्या केंद्रातून वाटप आणि कोण पेशंट आला नाही याची नोंद, एवढंच. दर पाच दिवसांनी रांग लावायची म्हटलं तर माणूस गोळ्या सोडतो. महिन्याच्या मिळाल्या तर घेतो. मजुरी बुडत नाही आणि लकव्याचा धोकाही कमी होतो.

या तिन्ही ठिकाणी माहिती असलेला माणूस, चालू स्थितीतलं साधं साधन आणि न चुकता ठेवलेली नोंद, या तीन गोष्टी समान दिसतात.

नुसता कागद भरून भागत नाही

सुरक्षित बाळंतपणासाठी जागतिक आरोग्य संघटनेने एक तपासणी यादी तयार केली आहे. हात धुतले का, औषध तयार आहे का, बाळाला लगेच अंगाशी धरलं का, अशा बाबींवर खूण करायची. उत्तर प्रदेशातल्या 120 आरोग्य संस्थांत या यादीचा मोठा अभ्यास झाला आणि 2017 मध्ये निष्कर्ष आले. यादी आणि मार्गदर्शन मिळालेल्या ठिकाणी कर्मचाऱ्यांचं काम सुधारलं, पण माता आणि बाळांच्या मृत्यूंमध्ये ठळक फरक पडला नाही.

स्वस्त उपाय चांगले असले तरी एकटा उपाय पुरत नाही. यादीसोबत औषध, पाणी, कुशल हात आणि गुंतागुंत झाली तर वेळेत पुढे नेणारी गाडी, हे सगळं लागतं. भिंतीवर चिकटवलेला तक्ता म्हणजे दर्जा नव्हे.

थोडा पैसा आधी कशावर खर्च व्हावा?

समितीच्या बैठकीत बहुतेकदा रंगरंगोटी, कमान, खुर्च्या यांवर चर्चा रंगते. ते वाईट नाही. पण पैसा कमी असताना क्रम असा असावा.

1. पाणी, साबण आणि संडास. प्रसूतीगृहात, ड्रेसिंगच्या खोलीत आणि तपासणीच्या जागी चोवीस तास वाहतं पाणी हवं. हात न धुता केलेलं बाळंतपण आई आणि बाळ दोघांनाही धोक्याचं. बायांसाठी आतून कडी लागणारा वेगळा संडास हवा.

2. उजेड आणि वीज. रात्री लाईट गेली तर बाळंतपण मोबाईलच्या बॅटरीवर होता कामा नये. इन्व्हर्टर असतो, पण बॅटरी मेलेली असते. ती वेळेत बदलणं हा देखभालीचाच खर्च आहे.

3. फ्रीज आणि त्याचं तापमान. लसींसाठी वेगळी शीतसाखळी असते. पण बाळंतपणानंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी दिलं जाणारं ऑक्सिटोसिन इंजेक्शनही 2 ते 8 अंशांत ठेवावं लागतं. ते उघड्या ट्रेमध्ये पडून राहिलं तर त्याची ताकद कमी होते. इंजेक्शन दिलं जातं, पण काम करत नाही. साधा फ्रीज, आत थर्मामीटर आणि रोज दोनदा तापमानाची नोंद एवढ्यात हा धोका टळतो.

4. मोजणारी साधनं. बी.पी.चं यंत्र, मोठ्यांचा आणि बाळाचा वजनकाटा, थर्मामीटर, साखर तपासणीचं यंत्र आणि त्याच्या पट्ट्या, हिमोग्लोबिन तपासणीचं साहित्य. मोजमाप चुकलं की पुढचा सगळा उपचार चुकतो.

5. तातडीची औषधं. सर्पदंशाची लस, विंचूदंशाच्या गोळ्या, कुत्रा चावल्यावरची लस, ऑक्सिजन, झटके थांबवणारं औषध. संपत आलेलं औषध वरून येईपर्यंत रुग्ण थांबत नाही. म्हणून साठा शून्यावर यायच्या आधीच मागणी जायला हवी. नियमात बसेल तिथे स्थानिक खरेदीही करता येते.

6. कचरा. वापरलेल्या सुया, रक्ताचे बोळे उघड्यावर पडले तर धोका सफाई कामगाराला आणि आवारात खेळणाऱ्या पोरांना. 2016 च्या नियमांप्रमाणे रक्ताने माखलेल्या वस्तू पिवळ्या, सुई काढलेल्या सिरिंज आणि नळ्या लाल, सुया-ब्लेड पांढऱ्या आणि काचेच्या बाटल्या निळ्या डब्यात जातात. डबे स्वस्त आहेत, सवय लावायला वेळ लागतो.

ज्याला पैसाच लागत नाही

- ओ.पी.डी.ची वेळ आणि आज कोण डॉक्टर आहेत, हे फळ्यावर लिहिणं.
- उपलब्ध औषधांची यादी दर्शनी भागात लावणं. औषधसाठ्याची नोंद 'ई-औषधी' संगणक प्रणालीत असते, त्यामुळे यादी काढणं अवघड नाही.
- म्हातारी माणसं, गरोदर बाया आणि तापाने फणफणलेली पोरं यांना रांगेत आधी घेणं.
- बी.पी., शुगरच्या जुन्या पेशंटला महिन्याच्या गोळ्या एकदम देणं आणि जो आला नाही त्याला आशामार्फत निरोप पाठवणं.
- जुलाब झालेल्या बाळासाठी ओ.आर.एस. पाजण्याची जागा करणं. एक मोठं पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात, आणि सोबत 14 दिवस झिंकच्या गोळ्या, हे आईला समजेल असं सांगणं.
- पेशंटशी नीट बोलणं. "काय होतंय ते सांगा" एवढं विचारलं तरी अर्धी तक्रार कमी होते.

चांगल्या कामाला बक्षीसही आहे

सरकारी दवाखान्यांच्या स्वच्छतेसाठी केंद्र सरकारने 2015 मध्ये 'कायाकल्प' योजना सुरू केली. परिसराची निगा, साफसफाई, कचरा व्यवस्थापन, संसर्ग रोखणं अशा मुद्द्यांवर गुण दिले जातात. आधी स्वतःच्या केंद्राने स्वतःला गुण द्यायचे, मग दुसऱ्या केंद्राची टीम येऊन तपासते, शेवटी बाहेरचं पथक. 70 टक्क्यांच्या वर गुण मिळवणारी केंद्रं बक्षिसाच्या स्पर्धेत येतात. बक्षिसाचा मोठा भाग पुन्हा केंद्राच्या सुधारणेवरच खर्च करायचा असतो. म्हणजे साबण-पाण्यावर नीट खर्च केलेल्या केंद्राला आणखी पैसा मिळण्याची वाट खुली होते.

आपल्या केंद्राला गेल्या वर्षी किती गुण मिळाले आणि कुठे कापले गेले, हे गावाने जरूर विचारावं. कुठे कमी पडलो याची तयार यादीच त्यात मिळते.

खिशातून पैसे मागितले तर?

दर्जा म्हणजे फक्त स्वच्छता नव्हे. मोफत असलेल्या सेवेसाठी पैसे मोजावे लागणं हाही दर्जाचाच प्रश्न आहे.

- जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात (2011) सरकारी दवाखान्यात बाळंतपण मोफत आहे, सिझेरियनसुद्धा. औषधं, तपासण्या, रक्त, घरून दवाखान्यात आणि परत घरी नेणारी गाडी मोफत.
- नॉर्मल बाळंतपणानंतर 3 दिवस आणि सिझेरियननंतर 7 दिवस आईचं जेवण मोफत.
- आजारी बाळावर वर्षाचं होईपर्यंत उपचार मोफत.
- ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार निःशुल्क करण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतला.

बाहेरून औषध आणायची चिठ्ठी मिळाली तर ती फाडू नये. त्या चिठ्ठ्यांचे फोटो आणि मेडिकलची बिलं जपून ठेवावीत. महिनाभराच्या दहा चिठ्ठ्या एकत्र केल्या की कोणतं औषध सारखं संपतंय हे समितीसमोर मांडता येतं.

हिशेब कुठे आणि कसा विचारायचा?

*रुग्ण कल्याण समिती:* प्राथमिक आरोग्य केंद्रात ही समिती असते. त्यात लोकप्रतिनिधी आणि वैद्यकीय अधिकारी असतात. आपल्या भागातून कोण सदस्य आहे हे केंद्रात विचारावं. शेवटची बैठक कधी झाली आणि काय ठरलं, हा पहिला प्रश्न.

*गावाची आरोग्य समिती:* ग्रामपंचायत सदस्य, आशा, अंगणवाडी सेविका, आरोग्यसेविका आणि गावातल्या बाया यात असतात. रक्कम छोटी असली तरी खर्चाचा निर्णय गावातच होतो.

*ग्रामसभा:* 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभांत आरोग्याचा विषय लेखी देऊन घ्यायला लावता येतो. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यातही उपकेंद्राचं पाणी, रस्ता, कुंपण ही कामं धरता येतात. त्यामुळे आरोग्याचा तुटपुंजा निधी औषधं आणि साधनांसाठी उरतो.

*लोकाधारित देखरेख:* महाराष्ट्रात 2007 पासून काही जिल्ह्यांत गावकऱ्यांनीच आरोग्य सेवेला गुण द्यायचे आणि जनसंवादात अधिकाऱ्यांसमोर प्रश्न मांडायचे, अशी पद्धत राबवली गेली. गावाने सेवेवर हिरवा, पिवळा, लाल असा शेरा मारायचा. कोणत्याही गावाला आशा आणि बचत गटाच्या मदतीने असा साधा तक्ता वर्षातून दोनदा भरता येतो.

*माहिती अधिकार:* तोंडी विचारून उत्तर मिळालं नाही, तर जन माहिती अधिकाऱ्याकडे 10 रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला शुल्क नाही. उत्तर 30 दिवसांत द्यावं लागतं. अर्जात नेमकं मागावं: "या आर्थिक वर्षात अबंधित, देखभाल आणि रुग्ण कल्याण समितीच्या निधीत किती रक्कम जमा झाली, कशावर खर्च झाली, किती शिल्लक आहे, बैठकांच्या इतिवृत्ताच्या प्रती." मोघम प्रश्नाला उत्तरही मोघमच येतं.

'शिल्लक किती' हा प्रश्न मुद्दाम विचारावा. कधी पैसा नसतो हे खरं. पण ऑडिटच्या भीतीने किंवा बैठकच न झाल्याने आलेला पैसा तसाच राहतो, असंही होतं. अशा वेळी डॉक्टरांना दोष देण्यापेक्षा बैठक लावून घेणं आणि गरजेच्या वस्तूंची यादी मंजूर करून देणं हे गावाच्या जास्त फायद्याचं.

या पैशातून काय होणार नाही?

डॉक्टरांची रिकामी जागा या निधीतून भरत नाही. तज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, रक्तसाठा, नवी ॲम्ब्युलन्स, पडकी इमारत हे प्रश्न जिल्हा परिषद आणि राज्य सरकारच्या पातळीवरचे आहेत. ते तिथेच मांडावे लागतील. 'गावाने सहकार्य करावं' असं म्हणून सरकारची ही जबाबदारी गावावर ढकलता येत नाही.

तसंच, एकच नर्स चार जणींचं काम करत असेल तर तिला आणखी एक रजिस्टर देऊन दर्जा वाढत नाही. तक्रार करताना माणूस नाही की साधन नाही, की दोन्ही असून काम होत नाही, हे वेगळं करून सांगितलं तर उत्तर टाळता येत नाही.

पुढच्या वेळी दवाखान्यात गेल्यावर पाहायच्या सात गोष्टी

1. बेसिनला पाणी आणि साबण आहे का?
2. बायांचा संडास वापरण्याजोगा आहे का?
3. बी.पी. यंत्र आणि वजनकाटा चालू आहे का?
4. औषधांची यादी लावली आहे का?
5. सर्पदंशाची लस शिल्लक आहे का?
6. बी.पी., शुगरच्या गोळ्या किती दिवसांच्या मिळाल्या?
7. बाहेरून काही आणायला लावलं का?

सातही उत्तरं तारखेसह वहीत लिहावीत. तीन महिन्यांची वही घेऊन गेलेल्या माणसाला "असं काही होत नाही" म्हणणं कुणालाही जड जातं.

महत्त्वाचे क्रमांक

- 108: अपघात, सर्पदंश, छातीत दुखणं अशा तातडीच्या वेळी ॲम्ब्युलन्स
- 102: गरोदर माता आणि बाळासाठी गाडी
- 104: आरोग्यविषयक सल्ला

साप चावला तर चिरा देणं, विष चोखणं, करकचून दोरी बांधणं, मांत्रिकाकडे नेणं यात वेळ घालवू नये. चावलेला भाग न हलवता रुग्णाला थेट दवाखान्यात न्यावं. तिथे लस शिल्लक आहे की नाही, हे त्या रात्री कळून उपयोग नाही. ते आधीच विचारून ठेवावं.